रुमालाखालचा भाव

"ठराव पास होऊ दे नाहीतर पडू दे, पण कोळंबीत मीठ कमी झालंय की जास्त, एवढं तरी या घरात कुणीतरी बोला!"

रंभाने पळी पातेल्यावर आपटली. एकनाथनाना ताटात मान घालून जेवत होते. समोर त्यांची सून नयना भात कालवत होती, आणि इतका वेळ कालवत होती की त्याचा लगदा झाला होता. मधे शैलेश बसला होता, एकाचा मुलगा आणि दुसरीचा नवरा. डहाणू रोडच्या तिकीट खिडकीवर बसून दिवसभर लोकांच्या शिव्या खाणारा हा माणूस, पण गेल्या आठवड्यात त्याला घरापेक्षा खिडकी बरी वाटायला लागली होती. अडकित्त्यातल्या सुपारीला कधी कुणी विचारतं का, बाई, तुला कसं वाटतंय?

"मीठ बरोबर आहे, आई," तो म्हणाला.

"तुला काय कळतंय मिठातलं! तू उकडलेला दगडही खाशील."

उद्या सव्वीस जानेवारी. सकाळी झेंडा, मग ग्रामसभा, आणि ग्रामसभेत नयनाचा ठराव. नयना उपसरपंच. आमच्या या पट्ट्यात सरपंचपद आदिवासींचं, आणि बाजार कसा चालवायचा हे ठरवायचा हक्क ग्रामसभेचा. सरपंच लाहू भला माणूस, पण बोलायला आळशी, म्हणून ठराव मांडायचं काम नयनाकडे आलं होतं. ठराव साधा होता. गावातला सगळा चिकू पंचायतीच्या नव्या शेडमध्येच तोलायचा आणि तिथेच विकायचा. व्यापाऱ्याचा टेम्पो कुणाच्या वाडीत शिरायचा नाही. शिरला तर वाडीवाल्याला दंड.

आणि गावातली सगळ्यात मोठी वाडी कुणाची? एकनाथनानांची. जन्मभर "सरकारने आमच्या पाठीवरून उतरावं" असं शेतकऱ्यांच्या संघटनेतून सांगत फिरलेल्या माणसाच्या घरातच सरकार सून होऊन आलं होतं. गावाला करमणूक फुकट.

"शैलेश," नाना ताटाकडे बघत म्हणाले, "तुझ्या बायकोला विचार, शेड चांगली बांधलीय ना? काटा खरा आहे ना?"

"आई, नानांना सांगा, काटा खरा आहे," नयना रंभाला म्हणाली. "मी स्वतः तपासून घेतलाय."

"मग लोक आपल्या पायांनी चालत येतील. दंड कशाला लागतो? ज्या दुकानात जायला पोलीस लागतो, त्या दुकानात काहीतरी खोट असते."

नयनाने हात थांबवला. आता मात्र ती सरळ त्यांच्याशीच बोलली. "नाना, मोठ्या वाड्या आल्याच नाहीत तर व्यापारी शेडमध्ये कशाला येईल? तो आधी तुमच्याकडे येतो, मग त्या राऊतांकडे. टेम्पो भरला की संपलं. मग हिरूताई दोन क्रेट घेऊन रस्त्याच्या कडेला बसते आणि संध्याकाळी त्याच्या हातापाया पडते, घे रे बाबा. तुमच्यासाठी बाजार मोकळा आहे. तिला तुमचं उरलेलं मिळतं."

"म्हणून माझ्या वाडीच्या दाराला तू कुलूप लावणार?"

"कुलूप नाही. नियम."

"अगं, कुलूप लावणारा कधी कुलूप म्हणतो का? तो नियमच म्हणतो." नानांचा आवाज चढला, मग त्यांनीच तो खाली आणला. "आज तू आहेस. तू चांगली आहेस, म्हणून तुझी सक्तीही चांगली. उद्या तुझ्या खुर्चीत दुसरा येईल. त्याचा मेहुणा व्यापारी असेल. तो म्हणेल, माल फक्त मेहुण्यालाच द्या. तेव्हा तुझा हाच ठराव तो दाखवेल. मग काय करशील?"

नयनाने ताट बाजूला सारलं.

"उद्या सभेत हेच बोलणार तुम्ही?"

"बोलणार."

"बोला," ती म्हणाली, आणि ताट उचलून उठली.

मागच्या दारी ती ताटं घासत बसली. खरं तर ताटं घासायला बाई येते, पण काही राग राखेनेच जातात. रंभा तिच्या मागोमाग आली आणि पायरीवर टेकली. नयनाला वाटलं, आता सासूबाई नेहमीचं सुरू करणार, पुरुषमाणसाच्या तोंडी लागू नये वगैरे. सकाळपर्यंत त्यांचं तेच चाललं होतं.

"रागावलीस?"

"राग नाही हो आई. वाईट वाटतंय." नयनाचा आवाज भरून आला. "अख्खा गाव माझ्याविरुद्ध बोलू दे. मला काही होणार नाही. पण नाना उभे राहिले ना, तर मला सगळ्यांसमोर रडू येईल. मला निवडणुकीला उभं कुणी केलं? नानांनीच. दारोदार फिरले माझ्यासाठी. 'सरकार वाईटच असतं, म्हणून तर माझी सून तिथे पाठवतोय, लक्ष ठेवायला,' असं म्हणायचे. लोक हसून हसून मतं द्यायचे. आणि आता..."

लग्न होऊन आली तेव्हा तिला वडील नव्हते. या घरात आल्यावर पहिल्या महिन्यात नानांनी तिला स्कूटर शिकवली, दुसऱ्या महिन्यात कलमं बांधायला. रोज सकाळी वाडीत फेरी मारून आले की दोघं ओट्यावर चहा घ्यायची आणि पेपरातल्या प्रत्येक मंत्र्यावर तोंडसुख घ्यायची. गेला आठवडाभर तो चहा बंद होता. नाना एकटे पेपर वाचत होते, म्हणजे पेपर धरून बसत होते.

रंभाने तिच्या हातातलं ताट घेतलं. "पुरे. पितळ झिजलं."

"स्टीलचं आहे, आई."

"मग तर कमालच केलीस."

उन्हं कलली तेव्हा चिमणशेठचा टेम्पो वाडीत शिरला. चिमण वापीचा व्यापारी. त्याचा बापही याच वाडीतून माल न्यायचा. "केम छो, एकनाथभाई!" म्हणत तो वखारीत आला. वखार म्हणजे घराशेजारचं लांबडं कौलारू दालन. झाडावरून उतरवलेला चिकू इथे धुवायचा, निवडायचा, क्रेटमध्ये भरायचा. रंभा गोणपाटावर बसून निवडत होती. मोठा वेगळा, मधला वेगळा, चिरलेला घरी खायला.

चिमणने दोन चिकू हातात घेऊन पाहिले, नाक मुरडलं, तेही रोजचंच. मग त्याने खांद्यावरचा रुमाल काढून नानांच्या हातावर टाकला आणि रुमालाखाली दोघांचे हात एकमेकांत गेले. ही या दोघांची जुनी रीत. शहरातल्या फळबाजारात ती केव्हाच बंद झाली, पण इथे बापापासून चालत आलेली होती. तोंडाने एक शब्द नाही. रुमालाखाली एकाने दुसऱ्याची बोटं दाबायची. कुठलं बोट, किती बोटं, यावरून भाव. नानांनी मान हलवली. चिमणने तोंड वाकडं केलं. पुन्हा बोटं दाबली. मग दोघंही हसले. सौदा झाला.

काकड्या आणि दुसरे गडी क्रेट उचलायला लागले. त्यातल्या कुणालाही भाव कळला नाही, आणि कळायचाही नव्हता. रुमाल त्यासाठीच होता.

टेम्पो गेला. नाना खुशीत होते. बऱ्याच दिवसांनी त्यांनी रंभाशी गप्पा काढल्या.

"पाहिलंस? दोन माणसं, एक सौदा. मधे ना पंचायत, ना पावती, ना दंड. याला म्हणतात मोकळा बाजार."

रंभा चिकू निवडतच राहिली. "अहो, एक विचारू?"

"विचार की."

"मोकळा आहे, तर त्यावर रुमाल कशाला घालता?"



"म्हणजे काय?"

"म्हणजे काय म्हणजे? तुम्हाला काय भाव मिळाला, ते हिरूला कळलं, तर ती तोच मागेल. कळू नये म्हणून तर झाकता ना? मी अडाणी आहे, मला तुमच्या संघटनेतलं काही कळत नाही. पण झाकलेल्याला मोकळं म्हणायचं, हे मला काही पटत नाही."

"तुला बाजारातलं काय..." नाना बोलायला लागले. मग त्यांनी नेहमीची वाट धरली. "तुला ठाऊक आहे ना, माझ्या बापाचं काय झालं ते?"

ठाऊक होतं. या घरात ती गोष्ट भिंतींनासुद्धा पाठ होती. नाना तेव्हा शाळेत होते. मोठी बहीण उंबरगावला दिलेली, पलीकडे गुजरातेत. तिच्या डोहाळजेवणाला बापाने घरच्या शेतातला तांदूळ बैलगाडीत घातला. तेव्हा धान्य हद्दीपार न्यायला बंदी होती. नाक्यावर पोती उतरवून घेतली. बाप हात जोडून सांगत होता, साहेब, विकायला नाही हो, पोरीला घेऊन चाललोय. साहेब वाईट नव्हता, तो फक्त "नियम आहे" म्हणत राहिला. बाप मोकळी गाडी घेऊन पोरीच्या दारात गेला आणि गाडीतून उतरेचना. शेवटी तीच पोट सांभाळत बाहेर आली आणि बापाचा हात धरून त्याला घरात घेऊन गेली. त्या दिवसापासून नानांना नियम या शब्दाची शिसारी होती, आणि त्यांना नावं ठेवायची कुणाची हिंमत नव्हती.

"ठाऊक आहे हो," रंभा हळूच म्हणाली. आता तिने हातातलं काम ठेवलं. "त्या साहेबाने चूक केली. उद्या नयनाचा दंडही चूकच असेल, मी त्यात पडत नाही. तुम्ही सभेत बोला, तुमचं मन मारू नका. पण तिला उत्तर द्या. हिरूचं काय, असं ती विचारतेय. त्याला तुम्ही जेवतानाही उत्तर दिलं नाहीत, आणि आताही बापाची गोष्ट सांगताय."

चाळीसपेक्षा जास्त वर्षांच्या संसारात रंभाने नवऱ्याला इतकं कधी सुनावलं नव्हतं. नाना तिथून उठून वाडीत निघून गेले. अंधार पडेपर्यंत झाडांमधून फिरत राहिले. वाईट त्यांना याचं वाटत होतं की बायको खरं बोलली होती.

सकाळी शाळेच्या मुलांनी झेंड्याला सलाम केला, गोळ्या खाल्ल्या, आणि मंडपात गाव जमला. कधी न येणारेही आले. सासरा-सुनेची कुस्ती कोण सोडेल?

नयनाने ठराव वाचला. छान बोलली, मुद्द्याचं बोलली, आणि नानांच्या दिशेने एकदाही पाहिलं नाही. सरपंच लाहूने विचारलं, "कुणाला काय बोलायचंय?"

नाना उठले.

"शेड चांगली झालीय," नाना म्हणाले. "काटा खरा आहे. हे काम उपसरपंचांनी केलं, आणि इतक्या चोख कामाचं पंचायतीत मी आजवर दुसरं उदाहरण पाहिलं नाही. ती माझी सून आहे म्हणून सांगत नाही. सून आहे म्हणून खरं तर कमीच सांगतोय." लोक हसले. नयनाची मान आणखी खाली गेली. "पण माझा दंडाला विरोध आहे. माणसाने आपला माल कुठे विकावा, हे त्याच्या बोकांडी बसून कुणी ठरवू नये. चांगल्या माणसानेही नाही. आपल्या माणसानेही नाही. एवढंच."

ते बसायला लागले, तेवढ्यात आळशी लाहूने तोंड उघडलं. "नाना, एक सांगा. दंड नाही लावला, तर तुमचा माल शेडमध्ये येणार का?"

नाना अर्धे वाकलेले तसेच राहिले. "माझा माल माझ्या मर्जीचा," ते म्हणाले. पण आवाजात नेहमीचा दम नव्हता. मंडपात कुणीतरी खाकरलं.

विरोधात जास्त हात वर झाले. ठराव पडला. नयना रडली नाही. तिने शांतपणे वाचून दाखवलं की शेड उद्यापासून सुरू होईल, ज्याला यायचं त्याने यावं, वापरली तर फी, नाही वापरली तर काही नाही. मग कागद गोळा केले आणि स्कूटरवर बसून घरी आली.

संध्याकाळी नाना ओट्यावर बसले होते. नयना आली, त्यांच्या बाजूला चहाचा कप ठेवला आणि काही न बोलता आत गेली. कप एकच होता. नानांनी तो थंड होईपर्यंत हातात धरला. जिंकलेला माणूस असा दिसतो, हे रंभाने पहिल्यांदाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता नाना वखारीत आले. "काकड्या, क्रेट आपल्या टेम्पोत चढव."

"आज चिमणशेठ यायचाय ना?"

"शेडमध्ये न्यायचेत."

काकड्याने हातातला क्रेट खाली ठेवला. "शेडमध्ये? काल ठराव पडला ना, नाना?"

"पडला म्हणून तर नेतोय. चढव."

शेडमध्ये नयना काट्यापाशी खुर्ची टाकून बसली होती. समोर हिरू दोन क्रेट घेऊन, तिच्यामागे आणखी चार-पाच बाया आणि एक म्हातारा. व्यापारी एकही नाही. व्यापारी कुणासाठी येणार, चार टोपल्यांसाठी? नयना सगळ्यांना "येतील, येतील" म्हणत होती, आणि रस्त्याकडे बघत होती.

टेम्पोचा आवाज ऐकून तिने वर पाहिलं. सासऱ्यांचा टेम्पो ओळखायला तिला नंबर वाचावा लागत नव्हता. ती उभी राहिली, मग बसली, मग पुन्हा उभी राहिली.

नाना उतरले. "कुठे उतरवायचा?"

"इथे," ती म्हणाली. "नाना, हिरूताईचं आधी तोलायचं. त्या आधी आल्यात."

"बरोबर आहे," असं म्हणून नाना रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. हिरूने मागे वळून पाहिलं आणि तोंडाला पदर लावून हसली.

थोड्या वेळाने चिमणचा टेम्पो आला. तो आधी वाडीत जाऊन आला होता, चांगलाच तापला होता. "शुं एकनाथभाई, काय चाललंय हे? मी तिकडे वखारीत उभा!" चिमणने मालाकडे पाहिलं, उसासा टाकला, खांद्यावरचा रुमाल काढला आणि सवयीने हात पुढे केला.

नानांनी रुमाल घेतला, त्याची घडी घातली आणि परत चिमणच्या खांद्यावर ठेवला. "तोंडाने बोल."

चिमण जवळ सरकला. कुजबुजला, "अरे, तुमचा भाव मी असा उघड्यावर कसा बोलू? या सगळ्या तोच मागतील."

"मागू देत."

"मला सगळ्यांना नाही परवडत. मग तुमचा कमी करावा लागेल."

नानांनी आपल्या क्रेटकडे पाहिलं. वाडीचं खत, गड्यांची मजुरी, सगळं डोळ्यांसमोरून गेलं असणार. आदर्श वगैरे ठीक आहे, पण माणूस शेतकरी होता.

"कर कमी. पण मोठ्याने सांग."

चिमणने शेडभर ऐकू जाईल असा भाव सांगितला. नानांना रोज मिळायचा त्याहून तो कमी होता, आणि हिरूला आजवर कधीच मिळाला नव्हता इतका जास्त होता.

"काय म्हणाला?" हिरूने विचारलं. "परत बोल."

"ऐकू आलं ना बाई तुला!"

"आलं. तरी परत बोल."

चिमणने परत सांगितलं. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. म्हाताऱ्याने कपाळावर हात मारला आणि इतकी वर्षं आपण काय झक मारली, असं स्वतःशीच मोठ्याने म्हणाला. नाना जमिनीकडे पाहत उभे होते. त्यांना आनंद झाला होता आणि लाजही वाटत होती, आणि त्यातलं जास्त कुठलं हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

शेवटी त्यांचा नंबर लागला. नयनाने वजन केलं, फीची पावती फाडली. नानांनी ती उलटीसुलटी करून पाहिली.

"फी घेतेस सासऱ्याकडून?"

"शेड वापरली ना?"

"वापरली." त्यांनी पैसे दिले. पावती खिशात ठेवली आणि टेम्पोकडे वळले.

"नाना."

ते थांबले. आठवडाभरानंतर तिने जुन्या आवाजात हाक मारली होती. ती काट्यावर हात ठेवून उभी होती, आणि डोळे भरलेले होते ते लपवायचा तिने प्रयत्नही केला नाही.

"उद्या आणाल का माल?"

"सक्ती आहे का?"

"नाही हो."

"मग आणतो," नाना म्हणाले.